हिंगोलीच्या मोंढ्यातला एक रोजा

पूर्णा जंक्शनवरून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं आणि वसमत जवळ आलं की खिडकीबाहेर पिवळा रंग दिसू लागतो. रानात, खळ्यावर, ताडपत्रीवर शिजवलेली हळद वाळत पडलेली असते. मार्च २०२५ मध्ये, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मी हिंगोलीला निघालो होतो. माझा मामेभाऊ तिथल्या बाजारात मापाडी आहे. "भाई, एकदा हंगामात या. नुसतं ईदला येऊन शिरखुर्मा पिऊन जाता," असं तो दरवर्षी म्हणायचा. मी निवृत्त झालो होतो, त्यामुळे या वेळी सबब उरली नव्हती.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचं नर्सी यांमुळे लोक या भागाला ओळखतात. अलीकडे मात्र जिल्ह्याची ओळख हळदीने होते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि वसमतलाच हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं आहे. मे-जूनमध्ये लावलेलं हे पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहतं. मग काढणी, शिजवणं, वाळवणं आणि ड्रममध्ये घोळून पॉलिश. वाळल्यावर ओल्या मालाचं वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतं. म्हणजे आपल्या डाळीत पडणाऱ्या चिमूटभर हळदीमागे किती हात असतात, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

सकाळी मोंढ्यात पोहोचलो तेव्हा ढिगांचे सौदे सुरू होते. खरेदीदार हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि भाव बोलतो. सौदा झाला की हमालांची टोळी पुढे येते. एक जण पोत्याचं तोंड धरतो, दुसरा टोपल्याने भरतो, भाऊ काट्यावर वजन बघून ओरडून सांगतो, शेवटी दाभण आणि सुतळीने तोंड शिवलं जातं. हवेत इतकी पिवळी धूळ की माझा पांढरा कुर्ता तासाभरात ओळखू येईना.

टोळीत सहा जण होते. त्यांतल्या दोघांना रोजा होता. एक पन्नाशीचे चाचा, दुसरा विशीतला मुलगा. दुपारी ऊन चढलं तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टोळीतला एक धिप्पाड गडी, ज्याला सगळे अण्णा म्हणत, पोती पाठीवर घेण्याच्या कामाला न सांगता पुढे झाला, आणि शिवायची सुतळी चाचांच्या हातात आली. शिवणं सावलीत बसून होतं. कुणी काही बोललं नाही. चहावाला आला तेव्हा बाकीचे चौघे उठून ट्रकच्या पलीकडे गेले आणि तिकडे चहा पिऊन आले.

मी भावाला विचारलं, "हे असं रोज असतं?"

"रमजानभर. आषाढीनंतर नर्सीला परतवारी भरते, तेव्हा अण्णा दोन दिवस जातो. तेव्हा त्याची पोती चाचा उचलतात. त्याचा हिस्सा काढून ठेवतात."

"अण्णा आभार मानतो का?"

भाऊ हसला. "आपल्याकडं आभार कोण मानतं भाई? आल्यावर चाचांच्या हातात बत्तासे-लाह्यांची पुडी ठेवतो आणि म्हणतो, तुम्ही होता म्हणून जाता आलं. बस, एवढंच."

हमालांच्या हक्कांसाठी महाराष्ट्रात मोठे लढे झाले. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला. मजुरी, भविष्य निर्वाह निधी, नुकसानभरपाई यांसाठी असा कायदा लागतोच, आणि तो नसेल तिथे गोड शब्दांनी पोट भरत नाही. पण थकलेल्या माणसाच्या हातात सुतळी देण्याचं कलम कुठल्याही कायद्यात लिहिता येत नाही. ते शेजारी काम करणाऱ्यालाच सुचावं लागतं.

संध्याकाळी मगरिबच्या आधी अण्णाने वसमतकडची केळी आणून पोत्यावर ठेवली. चाचांनी पहिला खजूर तोंडात घातला आणि दुसरा अण्णाच्या हातावर ठेवला. पिवळ्या हातावरून पिवळ्या हातावर.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी तीस वर्षं एका कार्यालयात काढली. तिथे एक शिपाई होता. रमजानमध्ये तो चार वाजताच माझ्या टेबलावरच्या फायली उचलून साहेबांच्या सहीला नेऊन ठेवायचा, म्हणजे मला इफ्तारला घरी पोहोचता यावं. अकरा वर्षं. माझ्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेऊन मी सगळ्या अधिकाऱ्यांची नावं घेतली. तो मागे खुर्च्या लावत होता. त्याचं नाव माझ्या तोंडी आलं नाही. जो माणसांचा शुक्रगुजार नाही तो अल्लाहचाही नाही, अशा अर्थाची हदीस मी मुलांना कितीदा तरी सांगितली होती.

परतताना हिंगोलीहून एक किलो हळद घेतली आणि परभणीला उतरून घरी जाण्याआधी त्याच्याकडे गेलो. त्यालाही निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दारात मला बघून तो गडबडला. "साहेब, तुम्ही? काही काम होतं का?"

काम होतं. फायलींची गोष्ट त्याला आठवत होती, पण मला आठवते याचं त्याला नवल वाटलं. "ते तर माझं कामच होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "नव्हतं. तुझ्यामुळं अकरा वर्षं माझा रोजा घरच्यांबरोबर सुटला. हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं."

तो काही बोलला नाही. आत वळून बायकोला म्हणाला, "जरा बाहेर ये. साहेब काय म्हणतात ते ऐक."

मग मी ते पुन्हा एकदा, तिच्यासमोर म्हटलं.