हात हलला तर हलू दे!
गिम्बल घ्यायचा की नुसता हात? उत्तर दुकानात नाही, रस्त्यावर मिळतं. एक रविवार, चार स्पॉट.

ट्रिपचे व्हिडिओ दोनच प्रकारचे असतात. एक, बघताना गरगरायला लावणारे. दुसरे इतके गुळगुळीत, की लोणावळा आणि लंडन सारखंच दिसावं. पहिल्यावर उपाय म्हणून आपण गिम्बल घेतो आणि थेट दुसऱ्या प्रकारात जाऊन पडतो. बॉस, प्रश्न 'शेक' चांगला की वाईट हा नाहीच. हातातला कॅमेरा सांगतो, 'मी तिथे होतो'. स्थिर कॅमेरा सांगतो, 'ते असं होतं'. तुम्हाला यातलं काय सांगायचंय? चला, मुंबईलाच विचारू.

पहाटे ६ : दादर फूल मंडई

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि गर्दीबरोबर चालू लागा. झेंडूचे ढीग, शेवंती, गुलछडी, ओल्या गोणपाटाचा वास आणि मागून 'ओ, बाजू!' अशी आरोळी. इथे गिम्बल बाहेर काढलात तर काय होतं? टोपली घेऊन जाणारा माणूस तुम्हाला धक्का देतो, मोटर तो धक्का गिळून टाकते आणि व्हिडिओत कॅमेरा पालखीत बसल्यासारखा निवांत तरंगतो. म्हणजे बाजारातला अर्धा बाजार गायब!

तेव्हा फोन दोन्ही हातांत धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, लेन्स वाइड ठेवा. झूम केलंत की प्रत्येक थरथर मोठी होते. आणि चालत राहण्यापेक्षा थांबून दहा-दहा सेकंदांचे तुकडे घ्या. धक्का लागला तर लागू दे.

मुंबईची गर्दी अशीच शूट होते, हे सिनेमावाल्यांनी कधीच ओळखलं. अनुराग कश्यपच्या 'ब्लॅक फ्रायडे'मधला धारावीतला पाठलाग आठवतोय? पळणारा दमतो, पोलिस दमतात आणि कॅमेराही त्यांच्याबरोबर धापा टाकतो. २००४ मध्ये तयार झालेला हा सिनेमा कोर्टात अडकून २००७ मध्ये रिलीज झाला. पुढे 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या सुरुवातीच्या पाठलागामागे हाच सीन होता, हे डॅनी बॉयलने मोकळेपणाने सांगितलं. त्या सिनेमाच्या छायाचित्रणाला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं.

सकाळी ८ : खोताची वाडी

दादरहून स्लो लोकल पकडून चर्नी रोड. गिरगावातल्या या वाडीत शिरलात की आवाज एकदम खाली येतो. लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, कोरीव कठडे, दारात क्रॉस. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी, घरं मुख्यत्वे ईस्ट इंडियन कुटुंबांची. गेल्या काही दशकांत त्यातली बरीच पडली आणि तिथे टॉवर उभे राहिले.

इथे मात्र गिम्बल काढाच. का? कारण तुम्ही शूट करताय ते घर पुढच्या वेळी असेलच याची गॅरंटी नाही. दहा वर्षांनी कुणाला तो कठडा नीट बघायचा असेल, तर तुमच्या हाताची थरथर त्याच्या काय कामाची?

अशा चालीचं मूळ गॅरेट ब्राउनच्या 'स्टेडीकॅम'मध्ये आहे. १९७६ च्या 'रॉकी'त तो फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या पायऱ्या चढला. पायऱ्या ७२, तरी फ्रेमला हिसका नाही! आपला छोटा गिम्बल मात्र फोनचं डोलणं, कलणं, वळणं सांभाळतो. पावलागणिक होणारं वरखाली सांभाळत नाही. म्हणून गुडघे किंचित वाकवा, टाच आधी टेकवा आणि नेहमीच्या निम्म्या वेगाने चाला.

पण एक पथ्य पाळा. गुळगुळीत चालीत वाडीचा बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटसारखा शोपीस होऊ शकतो. व्हरांड्यात आजोबा पेपर वाचत असतील तर आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा, विचारा, मगच शूट करा. ते त्यांचं घर आहे, सेट नाही.

सकाळी १० : बाणगंगा

टॅक्सीने वाळकेश्वर. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तलावाचं पाणी गोडं. चारी बाजूंनी उतरत जाणाऱ्या पायऱ्या, काठाने देवळं, पाण्यात बदकं. इथे हात नको, गिम्बलही नको. फोन पायरीवर टेकवा आणि मिनिटभर स्वस्थ बसा. फ्रेममध्ये हलायचं काम पाणी करतंय, तुम्ही कशाला हलताय?

आणखी एक गोष्ट. इथे लोक श्राद्धविधींसाठीही येतात. असं कुटुंब दिसलं तर फोन थेट खिशात. लांबून झूम करणं हाही चोंबडेपणाच.

संध्याकाळी ६.३० : मरीन ड्राइव्ह

दुपारी गिरगावात जेवा, फोन चार्ज करा आणि चौपाटीवरून कट्टा धरा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या आर्ट डेको इमारतींची रांग. लांब, सपाट, अडथळा नाही. गिम्बलला याहून छान रस्ता मुंबईत शोधून सापडणार नाही.

अंधार पडला की फोनमधल्या इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणावर विसंबू नका. ते फ्रेमच्या कडा कापून चित्र जागेवर आणतं. पण कमी उजेडात प्रत्येक फ्रेम आधीच पुसट झालेली असते, ती कशी सुधारणार? मग 'क्वीन्स नेकलेस'चे दिवे थरथरतात. फोनच प्रत्यक्ष स्थिर धरणारा गिम्बल इथे पैसे वसूल करतो.

आणि कट्ट्यावर सोबत आलेले मित्र खिदळत असतील तर? गिम्बल बॅगेत. ते हसणं हातानेच शूट करा, तुमच्या हसण्याने फ्रेम हलली तरी चालेल.

झटपट फंडे
• गर्दी, घाई, दोस्त : हात
• वास्तू, लांब रस्ता, रात्र : गिम्बल
• पाणी, देऊळ, शांतता : टेकवून ठेवा
• कुणाचं दुःख : शूटिंग बंद