थकलेला किराया

9 मे 2024, वर्धा
वरचा किरायदार महिनाअखेर खोली खाली करतो म्हणाला. साडेचार हजारांप्रमाणे चार महिन्यांचे 18,000 बाकी. जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. कापसाचा हंगाम आटोपला आणि मालकाने पगार अडकवला, असं त्याचं म्हणणं. खरं असावं. बायको मार्चपासून पोळ्या लाटायला जाते, ते दिसतंच. पण घरपट्टी भरताना माझी कहाणी कोण ऐकतो?

11 मे
दीर आले. "वहिनी, नळ बंद करा. दोन दिवसांत पैसे आणून देते की नाही पाहा!" या उन्हात, घरात दोन लहान पोरं असताना? माया बाजूला ठेवली तरी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 आहे. पाणी, वीज तोडली तर वसुली राहील बाजूला, आरोपी मीच. सामान अडवायचंही सुचवून झालं. चहा दिला, विषय बदलला.

15 मे
वकिलांकडे करार दाखवला. नोंदणी केलेला आहे, हे पाहून त्यांना बरं वाटलं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं गावभर समजतात. 1999 च्या कायद्याचं कलम 55 तशी सूट देत नाही. कागद नसला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं खरं धरतात. तरी एवढ्या रकमेसाठी दावा नको, म्हणाले.

सासऱ्यांची आठवण झाली. त्यांच्या काळी विदर्भात 1949 चा सी. पी. अँड बेरार आदेश होता. किरायदार काढायला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी, मग दिवाणी कोर्ट. दुकानाच्या एका गाळ्यापायी त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. राज्यभर एकच कायदा आला तो 31 मार्च 2000 ला. हा तर आपणहून जातो आहे. भांडण फक्त पैशांचं.

30 मे
हिशेबाला बसलो. किराया 18,000, वीजबिल 1,640. डिपॉझिटचे 12,000 वजा. उरले 7,640.

"काकू, कूलर ठेवून घ्या न. गावाकडे लाइनच राहत नाही, काय करतो त्याले नेऊन?"

कूलर जुना, पण मोटर चांगली. तीन हजारांत घेतला, विक्रीची पावती वेगळी केली. राहिलेल्या 4,640 चा कबुलीजबाब त्याच्याच हातून लिहून घेतला, तारीख आणि सहीसकट. मुदतीत दिलेल्या अशा लेखी कबुलीपासून वसुलीची तीन वर्षं नव्याने मोजतात. बायको दारात उभी होती. तिने कागद मागून घेतला, दोनदा वाचला, मग नवऱ्याला म्हणाली, "कर सही." घरातला खरा हिशेबनीस कोण, ते तेव्हा कळलं.

31 मे
सामान छोट्या हत्तीत चढलं. मीटरचा फोटो काढला, चाव्या घेतल्या.

8 जुलै
फोनवर 1,500 आले. पाठवणारी ती. बाकी 3,140. वरच्या खोलीसाठी सावंगीतली एक नर्स विचारून गेली. डिपॉझिट चार महिन्यांचं सांगितलं.