‘संस्था’ नावाचा रकाना

रविवार, रात्र.

चर्चासत्रासाठी निबंध स्वीकारल्याचा मेल सकाळी आला. दुपारपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. मग नोंदणीचा अर्ज उघडला. शुल्क ६,५०० रुपये, राहण्याचा खर्च वेगळा. विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण ओळखपत्र हवं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते कुठून आणू? ‘संस्था’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. शेवटी तिथे ‘स्वतंत्र’ लिहिलं.

नोकरीतल्या अनेक प्राध्यापकांना प्रवासभत्ता मिळतो, कर्तव्यरजा मिळते. मिळावीच. माझ्या मात्र दोन दिवसांच्या शिकवण्या बुडतात आणि तिकीटही माझंच.

ज्या मावशींनी मला जात्यावरच्या ओव्या दिल्या, त्यांना सोबत न्यायचं होतं. गाताना ओळ संपवून त्या पुन्हा मागे येतात, तिथला श्वास कागदावर उतरत नाही. तो ऐकावाच लागतो. आयोजकांना विचारलं. सोबत सादर करणाऱ्यालाही पूर्ण शुल्क, असं उत्तर आलं. ज्यांच्या ओव्यांवर चर्चा, त्यांनीच दारात पैसे मोजायचे! फार राग आला.

इतिहासाचार्य राजवाडे आठवत राहिले. विद्यापीठाची खुर्ची नसताना गावोगावची दप्तरं धुंडाळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभारण्यातही ते पुढे होते. आज त्यांनी तो रकाना कसा भरला असता?

मावशींना अजून कळवलेलं नाही. त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात घातलंय.