सकाळी ८, दुपारी ४

मिरजेच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं कॉर्टिसॉलच्या तपासण्या केल्या. रक्त दोनदा घ्यायचं, सकाळी ८ आणि दुपारी ४ वाजता. नळीवर वेळ ठळक लिहायची, कारण धडधाकट माणसाचं कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि दुपारपर्यंत बरंच उतरतं. वेळ चुकली तर आकड्याला काही अर्थ राहत नाही, हे मी नव्या मुलींना घसा कोरडा होईस्तोवर सांगायचे.

पुढे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत असताना एका जानेवारीत ह्यांचा मूतखडा अडकला आणि तुंबलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेला. गुरुवारी रात्री हुडहुडी भरली. तीन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. सकाळी ते मला ओळखेनात. ॲम्ब्युलन्स, तुंबलेला पू निघावा म्हणून पाठीतून मूत्रपिंडात नळी, आणि मग आयसीयू. रक्तदाब टिकत नव्हता, सेप्टिक शॉक. नॉरॲड्रिनलिनच्या पंपावरचा आकडा वाढतच होता, म्हणून त्याच्या जोडीला व्हॅसोप्रेसिन लावलं. हे हार्मोन मेंदूखालच्या ग्रंथीत साठलेलं असतं. सेप्टिक शॉकमध्ये सुरुवातीला ते भराभर बाहेर पडतं, मग साठा आटतो आणि ऐन गरजेच्या वेळी रक्तात कमी पडतं.

संध्याकाळी नर्सने एक इवलीशी बाटली काढली. तळाशी पांढरी भुकटी. तिने त्यात पाणी सोडलं, विरघळेपर्यंत बाटली हलवली आणि निम्मं औषध सिरिंजमध्ये ओढलं. हायड्रोकॉर्टिसोन, ५० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी.

“कॉर्टिसॉल किती आलं?” मी विचारलं.

“ते पाहिलेलं नाही.”

मला संताप आला. तपासणी न करता हार्मोन द्यायचं? मी डॉक्टरांना बोलवा म्हटलं. डॉक्टरबाई आल्या, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. मी लॅबमधली आहे हे कळल्यावर त्यांनी एकच विचारलं, “ह्या अवस्थेत कितीला कमी म्हणायचं, सांगाल?”

मला सांगता येईना. आमचं मशीन एकूण कॉर्टिसॉल मोजतं, पण ते रक्तात बहुतेक प्रथिनांना चिकटून फिरतं, आणि सेप्सिसमध्ये ती प्रथिनंच घसरतात. मग एकूण आकडा कमी दिसला तरी मोकळं, कामाचं कॉर्टिसॉल किती ते कळत नाही. त्याहून मोठा धक्का मला नंतर बसला. आजारात अधिवृक्क ग्रंथी जिवाच्या आकांताने कॉर्टिसॉल बनवते, असंच मी शिकले होते. पण बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथल्या ग्रेट व्हॅन डेन बर्ग यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की आयसीयूतल्या रुग्णांमध्ये उत्पादन दुपटीनेही वाढत नाही. यकृत आणि मूत्रपिंड त्याचा निचरा कमी करतात, म्हणून पातळी चढलेली राहते. शरीराने जणू मोरीचं भोक बंद केलेलं असतं. तिथे सकाळचे ८ नसतात, दुपारचे ४ही नसतात.

म्हणून त्या डॉक्टरबाई कॉर्टिसॉलऐवजी रक्तदाब बघत होत्या. सेप्टिक शॉकवरच्या ॲड्रिनल ह्या चाचणीत ३,६०० हून अधिक रुग्णांचा हिशेब २०१८ मध्ये आला. हायड्रोकॉर्टिसोनने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत (२७.९ टक्के, न देता २८.८), पण शॉक लवकर ओसरला, साधारण चार दिवसांऐवजी तीन. त्याच वर्षी एका फ्रेंच चाचणीत जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन देऊन मृत्यूही कमी झालेले दिसले. ह्यांचं नॉरॲड्रिनलिन तिसऱ्या दिवशी उतरू लागलं. त्यात त्या बाटलीचा वाटा किती नि अँटिबायोटिकचा किती, हे मी सांगू शकत नाही.

थायरॉईडसाठीही मी हट्ट धरला होता. हात गार, चेहरा सुजलेला, हाक मारली तरी उशिरा उघडणारे डोळे. “आत्ता काढलंत तर टी-थ्री कमीच येईल,” त्या म्हणाल्या, “आणि त्यावर गोळी देण्यात फायदा नाही.” यावेळी मी वाद घातला नाही.

सांगलीहून आईंचा फोन दिवसातून तीनदा. त्यांना मी चुकून सांगून बसले, की इन्सुलिन चालू आहे. “अगं, त्याला साखर कधी लागली? तू मला कळवलं नाहीस!” मॉनिटरवर १४.२ होतं. मी मनात अठराने गुणलं, आपल्याकडच्या मापात अडीचशेच्या वर. एचबीए१सी मात्र साफ नॉर्मल, म्हणजे मागच्या तीन महिन्यांत साखर नव्हती. संसर्गाने पेशी इन्सुलिनला दाद देत नव्हत्या आणि स्टेरॉईडने त्यात भर घातली होती. नर्स साखर १० च्या आत ठेवायची, त्याहून फार खाली आणायची नाही. पूर्वी पार नॉर्मलवर आणायचा आग्रह होता, पण २००९ च्या एका मोठ्या चाचणीत तशा कडक नियंत्रणाने जास्त माणसं दगावलेली दिसली. हे सगळं आईंना फोनवर कसं समजवायचं? मी एवढंच म्हणाले, “आई, ही तापाची साखर आहे, तापाबरोबर जाईल.” म्हणताना माझा आवाज कापत होता.

खिडकीबाहेर चारलाच तिन्हीसांजा व्हायच्या. ह्यांना दिवस-रात्र कळत नव्हती, रात्री टक्क जागे, दुपारी ग्लानी. नर्स रोज सकाळी पडदा सारून मोठ्याने वार सांगायची. सहाव्या दिवशी तिने इन्सुलिनचा पंप बंद केला. त्या रात्री ते सलग चार तास झोपले, मी घड्याळ लावून मोजले.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आईंचा व्हिडिओ कॉल आला.

“चहात साखर घालतेस ना त्याच्या?”

मी कप कॅमेऱ्याजवळ नेला आणि त्यांच्यादेखत दीड चमचा घातली.