बोली आणि साक्ष

लिलाव ही आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना अपरिचित गोष्ट नव्हे. सुगीच्या सणाला वेदीपुढे अर्पण झालेला भोपळा, गावठी कोंबडी, नारळाची जोडी, गुळाची ढेप मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात लिलावाला निघते. चढाओढ लागते, हशा पिकतो आणि पन्नास रुपयांचा भोपळा पाचशेला जातो. तेथे बसणारा आश्चर्याचा धक्का आनंदाचाच असतो. भोपळा सर्वांनी हाताळून पाहिलेला असतो, तो आणणारी माउली समोरच उभी असते आणि जमणारा पैसा कोठे जाणार हेही सर्वांना ठाऊक असते.

गेली काही वर्षे मात्र एक निराळाच लिलाव आपल्या घरांत शिरला आहे. तो मोबाइलच्या पडद्यावर चालतो. विकणारा कोण हे दिसत नाही, समोरचा बोली लावणारा खरा की खोटा हे कळत नाही आणि वस्तूचे केवळ छायाचित्र पाहून पैसे मोजावे लागतात. आमच्या परिचयाची अनेक तरुण मुले या लिलावांतून खेळाडूंच्या स्वाक्षरीचे चेंडू, अंगातले शर्ट, जुनी तिकिटे, पदके आणि चित्रपत्रे घेऊ लागली आहेत. घेतलेली वस्तू ती आम्हांस आवर्जून दाखवावयास आणतात. कधी चेहरा फुललेला असतो, तर कधी पार उतरलेला. या दोन्ही चेहऱ्यांविषयी थोडे लिहावे असे मनात आले.

कोल्हापुरात हे वेड बळावले यात नवल नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे करून दिले, तेव्हापासून या नगरीला खेळ हा करमणुकीपेक्षा अधिक काही वाटत आला आहे. तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उतरतात आणि त्यांच्या सामन्यांवर पेठांची अब्रू पणाला लागते. विश्वचषकाच्या महिन्यात तर अर्जेंटिना आणि ब्राझील हे जणू करवीर तालुक्यातीलच दोन गाव असावेत, असे झेंडे गल्लीगल्लीत लागतात. अशा गावातील पोराला लाडक्या खेळाडूची एखादी वस्तू आपल्या भिंतीवर असावी असे वाटले, तर त्यात पाप नाही.

वाईट धक्के कसे बसतात ते प्रथम पाहू. पहिला धक्का पैशांचा. परदेशातून वस्तू मागविली की बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे कमिशन चढते, मग टपालखर्च, मग सीमाशुल्क. तीन हजारांत पडली म्हणून पेढे वाटावेत, तो वस्तू दारात येईपर्यंत आकडा पाच हजारांवर गेलेला असतो. दुसरा धक्का चढाओढीचा. विकणाराच आपली माणसे दुसऱ्या नावांनी बोलीस बसवितो आणि भाव फुगवितो. लिलावाची अखेरची काही मिनिटे उरली की भल्याभल्यांचा विवेक सुटतो. तेव्हा माणूस वस्तूसाठी बोली लावीत नसतो, समोरच्याला हरविण्यासाठी लावीत असतो. जिंकल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ध्यानात येते की, जगातील इतर कोणीही या वस्तूला एवढी किंमत द्यावयास तयार नव्हते.

तिसरा धक्का सर्वांत जिव्हारी लागणारा आणि तो खोटेपणाचा. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने पहिल्या पगारातून एका नामांकित क्रिकेटपटूची स्वाक्षरी असलेली बॅट घेतली. सोबत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र होते, चकाकणारा शिक्का होता. घरी भिंग लावून पाहता स्वाक्षरीची रेघ शाईची नसून छापील ठिपक्यांची निघाली. विकणाऱ्याने पत्राला उत्तर दिले नाही. पैसे गेल्याचे दुःख त्या मुलाने गिळले. त्याला सलले ते निराळेच. तो म्हणाला, ‘‘फादर, आठ दिवस मी त्या सहीवरून बोट फिरवत होतो.’’

हा धंदा केवढा मोठा आहे, याची कल्पना अमेरिकेतील एका प्रकरणावरून यावी. तेथील एफ.बी.आय. या तपास संस्थेने १९९०च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम हाती घेतली आणि १९९९ साली छापे घालून बनावट स्वाक्षऱ्यांची एक मोठी टोळीच उघडकीस आणली. खेळाडूंच्या सह्या हुबेहूब गिरविणारे कलावंत, त्यांवर प्रमाणपत्रे देणारे तथाकथित तज्ज्ञ आणि माल खपविणारे दुकानदार अशी ती साखळी होती. जप्त झालेल्या मालात बेसबॉलचे असे चेंडू सापडले की, ज्यांवर मदर तेरेसांची सही होती! कोलकात्याच्या त्या संत माउलीने बेसबॉलवर सह्या कशासाठी केल्या असतील, हा साधा प्रश्न घेणाऱ्यांच्या मनात उठला नसावा. हव्यास जागा झाला की प्रश्न विचारण्याची बुद्धी झोपी जाते.

येथे आम्हांस गुरुविद्यालयात शिकलेला ख्रिस्तसभेचा एक जुना अनुभव आठवतो. मध्ययुगात संतांच्या अवशेषांचा असाच बाजार भरला होता. अखेर १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने अवशेषांच्या विक्रीस मनाई केली. आजच्या विधिसंहितेतील ११९०वे कलमही पवित्र अवशेषांची विक्री पूर्णपणे निषिद्ध ठरविते. अवशेषाच्या डबीला रेशमी धागा बांधून त्यावर लाखेची मोहोर लावण्याची आणि सोबत अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला देण्याची प्रथा यातूनच दृढ झाली. खेळाडूचा शर्ट म्हणजे संताचा अवशेष नव्हे, आणि त्याची खरेदी-विक्री हा दोषही नव्हे. परंतु मनुष्यस्वभाव एकच आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचा स्पर्श झालेली वस्तू आपल्याला हवी असते. स्पर्श डोळ्यांना दिसत नाही, म्हणून साक्ष लागते. ही वस्तू कोणी, कोणाला, केव्हा दिली आणि तेथून आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली, हीच ती साक्ष. ती नसेल, तर कितीही सोनेरी प्रमाणपत्र असो, आपण कापूस आणि लाकूड विकत घेत असतो.

साक्ष भक्कम असली म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण आपल्या फुटबॉलवेड्या वाचकांना आवडेल. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध दिएगो मॅराडोनाने दोन गोल केले. एक हाताने केलेला म्हणून बदनाम, दुसरा अर्ध्या मैदानातून गडी चुकवीत केलेला म्हणून अजरामर. सामन्यानंतर इंग्लंडचा खेळाडू स्टीव्ह हॉज याने त्याच्याशी शर्टांची अदलाबदल केली. तो शर्ट हॉजने जपला, पुढे संग्रहालयात प्रदर्शनास ठेविला आणि २०२२ साली सोदबीज या लिलावगृहाच्या ऑनलाइन लिलावात विक्रीस काढिला. मॅराडोनाच्या मुलीने हरकत घेतली की, हा शर्ट पूर्वार्धातला, गोल झाले तेव्हाचा नव्हे. लिलावगृहाने मात्र सामन्याच्या छायाचित्रांशी शर्टावरील चिन्हाचे, पट्ट्यांचे आणि आकड्यांचे बारकावे आधीच ताडून पाहिले होते आणि तो उत्तरार्धातलाच असल्याचे जाहीर केले. शर्ट ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीस गेला. कापड तेच होते, किंमत साक्षीची होती.

चांगले धक्के लहान माणसांच्याही वाट्याला येतात. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त कारकुनाने अशाच लिलावात सहाशे रुपयांना जुन्या कागदांचे एक गाठोडे घेतले. त्यात कोल्हापूरच्या फुटबॉल स्पर्धांची हस्तपत्रके आणि काही समूहचित्रे होती. एका चित्रात दुसऱ्या रांगेत, अनवाणी, हाताची घडी घालून त्याचे स्वतःचे आजोबा उभे होते. घरात त्यांचे एकही छायाचित्र नव्हते. नातवंडांनी पणजोबांना पहिल्यांदा पाहिले ते त्या दिवशी. अशा गाठोड्याची किंमत कोणता जाणकार करील?

एवढे लिहून थांबलो असतो, परंतु लिलावाला दुसरी बाजू असते. कोणीतरी घेतो, तेव्हा कोणीतरी विकीत असतो. आणि विकणाऱ्याच्या घरात काय चालले आहे, हे बोली लावणाऱ्याला दिसत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणिले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला त्यांची मिरवणूक निघाली ती १५१ बैलगाड्यांची. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९८४ साली अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. गोळेश्वरला कुस्ती अकादमी उभारण्याचे शासनाचे आश्वासन वर्षानुवर्षे कागदावर राहिले, म्हणून २०१७ साली त्यांचे चिरंजीव रणजित जाधव यांनी तेच पदक लिलावात काढून अकादमी उभारण्याचा निर्धार जाहीर केला. ती बातमी वाचून कोल्हापूरच्या अनेक जुन्या मल्लांच्या डोळ्यांत पाणी आले असेल. आज महाराष्ट्र १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो, हे योग्यच झाले. परंतु पदक विकण्याची भाषा घरच्यांच्या तोंडी का यावी, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

आणि वस्तू न विकता विश्वासाने दिली तर? हॉकीचे तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी बलबीरसिंग सीनियर यांनी १९८५ साली आपली ३६ पदके, १९५६च्या मेलबर्नचा ब्लेझर आणि अनेक छायाचित्रे नियोजित संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपविली. पुढे ती सापडेनाशी झाली. २०२० साली ते वारले, तोवर त्यांना त्यांचा ठेवा परत मिळाला नव्हता. म्हणून विकणाऱ्या प्रत्येक कुटुंबास लोभी म्हणण्याची घाई आम्ही करीत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब सल्ला विचारावयास आले. आजोबा आपल्या तरुणपणीचे मल्ल. घरात त्यांची चांदीच्या पत्र्याने मढविलेली गदा होती. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि शुल्काची सोय नव्हती. एका लिलाववाल्याने छायाचित्र पाहून ‘‘ऐतिहासिक मैदानात जिंकलेली गदा’’ असे लिहिल्यास चांगला भाव येईल, असे कळविले होते. विकावी की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही म्हटले, ‘‘विका किंवा ठेवा, आजोबांनी ती तुमच्यासाठीच ठेविली. पण आधी तिची हकिगत नीट लिहून काढा.’’

आजोबांचे तालमीतले एक सोबती हयात होते, वय नव्वदीला टेकलेले. नात वही घेऊन त्यांच्यापुढे बसली. वस्तादांनी सांगितले की, ती कुस्ती निकाली झालीच नव्हती. तास उलटून गेला तरी कोणी चीत होईना, तेव्हा पंचांनी ती बरोबरीत सोडविली. रोख इनाम दोघांनी वाटून घेतले. गदा वाटता येईना, तेव्हा समोरचा मल्ल म्हणाला, ‘‘याच्या घरी परवा पाळणा हलला आहे, गदा याच्याकडे जाऊ दे.’’ पाळण्यातले ते मूल म्हणजे या मुलीचे वडील. घरात इतकी वर्षे सर्वजण ती गदा जिंकलेली समजत आले होते.

वडील काही वेळ गप्प राहिले. लिलाववाल्याला हे कळवावे की नाही, यावर घरात दोन दिवस वाद झाला. खोटे कोणी पकडले नसते. साक्षीदार एकच, तोही नव्वदीचा. शेवटी मुलीनेच वहीतला मजकूर जसाच्या तसा उतरवून पाठविला. लिलाववाल्याने मथळा बदलला. आलेली बोली अपेक्षेच्या निम्मीही नव्हती. तेवढ्यात पहिल्या वर्षाचे शुल्क भागले. पुढच्या वर्षांसाठी त्यांना कर्ज काढावे लागले. सत्य सांगितल्याबद्दल त्या घराला काही बक्षीस मिळाले, असे आम्हांस लिहिता आले असते तर बरे वाटले असते. ते मिळाले नाही. परंतु ज्याने ती गदा घेतली, त्याच्या हाती खरी वस्तू गेली, आणि त्या दिलदार मल्लाचे नाव त्या वहीमुळे कायमचे टिकले.

आपल्या घरांतही अशा वस्तू असतील. शाळेची ढाल, आंतरजिल्हा स्पर्धेचे पदक, सेमिनरीच्या संघाचे पिवळे पडलेले छायाचित्र. ती विकावीत असे आम्ही म्हणत नाही, विकू नयेत असेही म्हणत नाही. एवढेच सुचवितो की, ज्यांना ठाऊक आहे ते घरातील वडीलधारे माणूस आहे तोवर त्याच्यापाशी बसावे. छायाचित्रामागे नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. वस्तू कोणी दिली, कोठे, कोणत्या साली, हे कागदावर उतरवून त्याखाली सांगणाऱ्याची सही आणि तारीख घ्यावी. आणि ज्या तरुणांना बोली लावावयाची आहे, त्यांनी आधी हाच कागद मागावा. तो मिळत नसेल, तर शेवटच्या पाच मिनिटांत मोबाइल आईच्या हाती देऊन खुशाल खेळावयास जावे.