शिंगरोबापाशी घटकाभर

खोपोली मागे टाकून जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागलो, आणि शिंगरोबाच्या देवळापाशी आमची 1996 ची, दोन लाख किलोमीटर धावलेली पद्मिनी गपकन थांबली. आदल्या रात्रीच अंगणात पॉइंट घासले होते, कार्बुरेटर धुतला होता, तरीही!

"बाबा, आता विका हिला," चिरंजीव वैतागले.

मी बॉनेट उघडले. इंजिनाच्या उष्म्याने नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. पंपावर ओला पंचा गुंडाळला. साहेबाला घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे हे देऊळ, अशी आख्यायिका. चिरंजीवांनी तोवर तिथे नाणे वाहिले.

परत येऊन म्हणाले, "चावी मी फिरवू?"

गाडी सुरू झाली. विकण्याची गोष्ट खंडाळ्यापर्यंत पुन्हा निघाली नाही.