पांढऱ्याची किंमत

घर घेताना आपण चौरस फुटाचा दर विचारतो आणि त्याच सवयीनं चित्राचाही हिशेब करतो. प्रदर्शनात चित्रापुढे उभं राहायचं, मान तिरकी करायची, कोपऱ्यातल्या चिठ्ठीवरचा आकडा वाचायचा आणि शेजारच्याच्या कानाशी लागायचं, "एवढ्याशा कागदाचे एवढे?" पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात आणि मुंबईच्या जहांगीरमध्ये हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. खरं सांगायचं तर मनातल्या मनात म्हटलंही आहे. तैलचित्रात निदान रंगाचा थर दिसतो, कॅनव्हासचं वजन हाताला लागतं. जलरंगाच्या चित्रात रंग पातळ, आणि अर्धा कागद तर तसाच सोडलेला. मग पैसे मोजायचे कशाचे?

बऱ्याच वर्षांनी कळलं, की पैसे मोजायचे ते त्या सोडलेल्या कागदाचेच.

जलरंगात पांढरा म्हणजे कागद. पांढऱ्या रंगाची ट्यूब पेटीत असते, पण जुन्या वळणाचा चित्रकार तिला शक्यतो हात लावत नाही. ढगाची कड, नदीवरची चमक, वाळत टाकलेलं धोतर हे रंगवायचं नसतं, राखायचं असतं. आणि कुठे राखायचं ते पहिला ब्रश टेकवण्याआधी ठरवायचं. तैलरंगात चुकलेल्या हातावर दुसरा थर चढवता येतो. इथे रंग म्हणजे भुकटी, ती धरून ठेवणारा बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक आणि पाणी. उजेड या पातळ पडद्यातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून चांगलं जलरंगचित्र आतून उजळल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच त्यात काही लपत नाही. दोनदा हात फिरला की रंग मळतो. चित्रकार त्याला 'मळलं' असंच म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी याहून वाईट शेरा नाही.

या माध्यमाची ताकद पाहायची असेल तर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या एका बाईच्या चित्रापुढे उभं राहावं. एका हातात दिव्याचा उजेड, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या फटींतून पाझरणारा लालसर प्रकाश. कित्येक जण ते चित्र रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. हे चित्र १९४० च्या दशकातलं, सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं. मॉडेल म्हणजे त्यांचीच मुलगी. आणि हे सगळं जलरंगात! ज्योतीचा उजेड वरून लावलेला नाही, भोवतीचा काळोख थरावर थर चढवत आणून तो मधे जपलेला आहे. ज्यानं एकदा तरी ब्रश पाण्यात बुडवलाय, त्याला तिथे घाम फुटतो.

तयार चित्र विकत घेणं हा एक आनंद आहे. जहांगीरच्या आत असो की बाहेरच्या फुटपाथवर, एखादं चित्र आपल्याला थांबवतं, आपण पैसे देतो, ते घरी येतं. इथे आपण फक्त 'हो' म्हणायचं असतं. पण चित्र सांगून काढून घेणं हा वेगळा मामला आहे. त्यात आधी आपल्याला काय हवंय ते सांगावं लागतं, आणि सांगायला बसलं की ध्यानात येतं की ते आपल्यालाच नीट ठाऊक नाही.

माझं आजोळ राजापूरकडचं. जांभ्या दगडाचं घर, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, खळ्याला शेणाचा सडा, खाली उतरणारी पाखाडी. सातबाऱ्यावर मामा-मावश्यांची अख्खी नामावळ. शेवटी सगळ्यांच्या सह्या झाल्या, जागा विकली गेली, घर उतरवलं. त्यानंतर मला त्या घराचं चित्र हवंसं वाटू लागलं. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत काम करणारी एक चित्रकर्ती ओळखीची होती. जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून ती पूर्ण वेळ जलरंगात उतरलेली. तिची वाईच्या घाटाची आणि मेणवलीची चित्रं मी पाहिली होती. तिला म्हटलं, घराचं चित्र काढून देशील का?

"फोटो आहेत का, काका?"

फोटो होते, ढीगभर. पण आपल्या फोटोंत घर कधी नसतंच. मुंजीतला बटू असतो, लग्नातली रांग असते, मांडीवर बाळ घेतलेली मावशी असते. घर त्यांच्या मागे, कानाच्या आणि खांद्याच्या मधल्या फटीत. तिनं ते सगळे फोटो टेबलावर मांडले आणि फटी जुळवायला घेतल्या. इथे खिडकीची चौकट, तिथे ओटीचा खांब. मग तिचे प्रश्न सुरू झाले. घराचं तोंड कुठल्या दिशेला? सकाळचं ऊन पडवीत यायचं की मागल्या दारी? तुम्ही आत शिरायचात तेव्हा पायऱ्या चढून, की उतरून? पावसाळ्यातलं हवंय, की मे महिन्यातलं?

विहीर, म्हणजे आमची बाव, कुठे होती ते विचारायला मी मामाला फोन लावला. बाव पुढल्या दारी, उजवीकडे, असं मामा म्हणाला. मावशी म्हणाली, डावीकडे, आणि रहाटाचा आवाज माजघरात यायचा. दोघांचंही बालपण त्याच पाण्यावर गेलेलं, पण बाव कुठे ते एकमतानं सांगता येईना. हे चित्र सांगितलं नसतं तर दोघं आपापली विहीर घेऊनच गेले असते.

बातमी फुटल्यावर नातेवाइकांच्या फर्माइशी आल्या. मामाला बैलगाडी हवी, मावशीला तुळशीवृंदावन, मावसभावाला त्याच्या वडिलांची राजदूत मोटारसायकल. वहिनीनं सुचवलं, मागे समुद्र दिसला तर छान. आमच्या घरातून समुद्र दिसत नव्हता, पण कोकण म्हटलं की समुद्र हवाच. मी ही यादी इमानेइतबारे पोहोचवली. चित्रकर्तीनं ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "काका, एवढं सगळं घातलं तर घर कुठे ठेवू?"

त्या प्रश्नात चित्र काढून घेण्याची अख्खी रीत आहे. सांगणाऱ्यानं आपली आठवण सांगावी, आग्रह सांगू नये. "दुपारी पडवीत गार वाटायचं" हे चित्रकाराच्या उपयोगाचं. "डाव्या कोपऱ्यात माड घाल" हे निरुपयोगी. गारवा कसा आणायचा ते त्याचं काम. तो कदाचित सावलीत अल्ट्रामरीन निळा सोडेल, ज्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून सावलीला खरबरीत पोत देतात. माड आपण सांगितला की तो फक्त माड काढतो. कागदाचा पांढरा जसा राखावा लागतो, तसा आपल्या मागणीतही थोडा भाग कोरा ठेवावा लागतो.

तिनं आधी तळहाताएवढी पेन्सिलची कच्ची चित्रं दाखवली. त्यांतलं एक आम्ही निवडलं. आकार ठरला पंधरा इंच बाय अकरा, म्हणजे तीस बाय बावीसच्या पूर्ण कागदाचा पाव भाग. कागद कापसाचा, ३०० जीएसएमचा, भिजवला तरी फारसा न फुगणारा. किंमत तिनं आकारावरून सांगितली, निम्मे पैसे आगाऊ घेतले. ते श्रावणाचे दिवस होते. दमट हवेत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ सलग थर, लवकर सुकत नाही, तेव्हा रंग रंगात उतरवायला निवांत वेळ मिळतो, असं ती म्हणाली. हाच वॉश वैशाखातल्या उन्हात स्पॉटवर लावला, तर दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. हवामान असं थेट चित्रात उतरतं, हे मला नवीन होतं.

चित्र घ्यायला गेलो तेव्हा भाऊ बरोबर होता. त्यानं विचारलंच, "किती तास लागले?" तिनं टेबलाखालचे टाकून दिलेले कागद काढून दाखवले. एकात कौलांची सावली मळली होती. एकात दाराचा पांढरा राहिलाच नव्हता. तिसरा मला तरी उत्तम वाटला. ती म्हणाली, हा बरोबर आहे, पण मेलाय. भाऊ गप्प झाला. विकलेल्या चित्राच्या किमतीत न विकलेल्या कागदांचाही खर्च असतो, हे त्याला न सांगता समजलं. तो हिशेबनीस माणूस आहे.

आणि चित्र? त्यात बैलगाडी नाही, वृंदावन नाही, समुद्र तर नाहीच. उतरतं ऊन, पाखाडीच्या वरच्या पायरीवरून दिसणारी अर्धी पडवी आणि उघडं दार. बाव चौकटीच्या बाहेर राहिली आहे. ती कुठल्या बाजूला, ते मामा-मावशीनं आपापसांत बघून घ्यावं.

मग एक कायद्याची गोष्ट निघाली, आणि ती चित्र घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी. तयार चित्र विकत घेतलं तर आपण फक्त ती वस्तू घेतो, तिचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. पण पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. तरीही चित्रावर आपलं नाव सांगण्याचा आणि त्याची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ खाली चित्रकाराचाच. आम्ही दोन ओळींचा कागद केला: चित्र माझं, कॉपीराइट तिचा. उद्या तिच्या पुस्तकात ते छापलं गेलं तर आमचं आजोळ थोडं फिरून येईल. सातबारा गेला, निदान इथे वाटणीचं भांडण नको.

चित्र काढून घेणाऱ्याचं महत्त्व किती, हे पुण्याचे चित्रकार गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यांच्याकडे पाहून कळतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी नोव्हेंबर १७९० मध्ये काढला. आज यांतली बरीच चित्रं पाहायची तर अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयाकडे जावं लागतं. यात तक्रारीला जागा नाही. मॅलेटला पाहायची हौस होती, त्यानं काम सांगितलं, म्हणून तो गेंडा आज आहे तरी. ज्यानं सांगितलं, त्याच्या मागोमाग चित्रं गेली. त्या काळातल्या पुण्यातल्या किती वाड्यांचे दरवाजे, किती हौद, किती गल्ल्या कुणी सांगितल्याच नाहीत, म्हणून कागदावर आल्याच नाहीत.

चित्र घरी आणल्यावरही काम उरतं. जलरंगाला ऊन सोसत नाही. जुन्या वळणाचा अलिझारिन किरमिजी तर उजेडात हळूहळू उडून जातो. संग्रहालयांत अशी चित्रं साधारण ५० लक्सच्या मंद प्रकाशात आणि तीही ठरावीक काळच टांगतात. घरात एवढं सोवळं पाळता येत नाही, पण समोरून ऊन येणारी भिंत टाळता येते. फ्रेमवाल्याला सांगून आम्ल नसलेला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घ्यावा. तो शोभेसाठी नसतो. चित्र काचेला चिकटू नये, मधे हवा राहावी, म्हणून असतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काचेला टेकलेल्या कागदावर बुरशी धरते. एसीचा झोत आणि ओलीची भिंतही नको. एवढं सांभाळलं तर चांगला कापसाचा कागद आपल्यानंतरही टिकतो.

आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच. शहरांत रिडेव्हलपमेंटची पत्रं दारोदार येताहेत. गावची घरं भाऊबंदकीत पडताहेत किंवा स्लॅब टाकून नवी होताहेत. सह्या करायच्या तर करा, त्याला इलाज नसतो. पण त्याआधी एखाद्या चित्रकाराला घरी बोलवा. घर पाडल्यावर फोटोंतल्या फटी जुळवत बसण्यापेक्षा, ते उभं असताना चित्रकाराला पायरीवर बसू द्या, चहा द्या. किंमत आधी ठरवा, त्यात घासाघीस करू नका, निम्मे पैसे आगाऊ द्या, हक्काचं दोन ओळींत लिहून ठेवा. तुमची एक आठवण सांगा. आणि त्यानंतर, कितीही जड गेलं तरी, गप्प बसा.